म्हैसासुराचं वजन

सहादेव एकेचाळीस वर्षं देवीच्या हातून मरत आला होता, आणि या कामात अकोले तालुक्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

राजूरपासून अकरा किलोमीटरवर उंबरदरा नावाचं गाव आहे. तिथं वैशाखात बोहाडा होतो. एकेका घराकडे एकेक मुखवटा असतो आणि त्या घरचा माणूस तो तोंडावर चढवून संबळाच्या तालावर नाचतो. याला सोंग म्हणतात. गणपतीचं सोंग पहिलं, देवी आणि म्हैसासुराचं शेवटचं. ते सकाळी होतं. देवी आणि म्हैसासुर वेशीपासून देवळापर्यंत सात फेऱ्या झुंजतात, सातव्या फेरीला म्हैसासुर पायरीपाशी कोसळतो, देवी त्याच्या छातीवर पाय ठेवते आणि गाव चहा प्यायला मोकळं होतं.

म्हैसासुराचा हक्क सहादेवाच्या घराचा. नियम एवढाच की सोंग पुरं झालं पाहिजे. एखाद्या वर्षी म्हैसासुर नाचला नाही, किंवा नाचला पण मेला नाही, तर पंच मुखवटा उचलून पुढच्या घरात देतात. सहादेवाच्या आजोबांना तो असाच मिळाला होता. आधीच्या घरचा म्हैसासुर तिसऱ्या फेरीला लघवीला गेला आणि परत आला नाही.

सहादेवाचं मरण बघायला शेजारच्या चार वाड्यांतून माणसं यायची. पाचव्या फेरीला त्याचे गुडघे वाकायचे. सहाव्या फेरीला तो डावीकडे झोकांडायचा. सातव्या फेरीला तोडलेल्या झाडासारखा आडवा व्हायचा. "मरावं तर सहादूवानी," असं म्हातारी माणसं पोरांना सांगत. त्याची बायको बनुबाई मात्र म्हणायची, "दुसरं कुटलंच काम एवढं मन लावून केलं न्हाई त्येंनी."

या वर्षी फेब्रुवारीत सहादेवाच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. संगमनेरच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, डोक्यावर दोन किलोपेक्षा जास्त काही घ्यायचं नाही.

"भाजीची पाटी?" सहादेवानं विचारलं.

"तीही नाही."

"आन म्हैसासुर?"

डॉक्टर बाहेरगावचे होते. "कोण?" ते म्हणाले.

घरी आल्यावर बनुबाईनं धान्याच्या काट्यावर मुखवटा ठेवला. नऊ किलो चारशे ग्रॅम. उंबराचं लाकूड, म्हशीची खरी शिंगं, आणि दर वर्षी मारलेला काळ्या ऑईलपेंटचा एकेक हात.

"ह्ये बगा," ती म्हणाली, "मान तुमची हाय. पन ती मोडल्यावर पानी मलाच पाजावं लागनार हाय. औंदा न्हाई जायाचं."

"आन मुकवटा देऊ दुसऱ्याच्या घरात?"

"द्या. वर्षभर जागा आडवतोय त्यो. हितं दोन पायल्या बाजरी ऱ्हाईल."

सहादेव त्या दिवशी जेवला नाही. बनुबाईनं बेचाळीस वर्षांच्या संसारात हे दोनदाच पाहिलं होतं. तिनं मुलीला फोन लावला.

मुलगी पंकजा जिल्ह्याच्या गावाला, नागापूरच्या एमआयडीसीत, इम्रान यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. वर्कशॉपचं काम मोजणीचं. एखाद्या कारखान्यातल्या पंपाचा भाग फुटतो, त्याचं ड्रॉइंग कोणाकडे नसतं, मग तो भाग इकडे येतो. एक प्रोजेक्टर त्याच्यावर निळ्या उजेडाचे पट्टे पाडतो. पट्टे सपाट जागी सरळ पडतात, फुगवट्यावर वाकतात, खड्ड्यात आत जातात. दोन बाजूंचे दोन कॅमेरे ते वाकणं टिपतात आणि कॉम्प्युटर त्यावरून त्या वस्तूचा हुबेहूब आकार मांडतो. केसाच्या जाडीएवढा फरकही सुटत नाही. त्या आकारावरून नवा भाग करता येतो, हव्या त्या मालाचा. हे पंकजानं आईला फोनवर समजावून सांगितलं.

बनुबाईनं ते नवऱ्याला सांगितलं. "पोरगी म्हन्ती, मुकवट्यावर टार्च मारायची आन हलका म्हैसासुर करायचा."

पुढच्या रविवारी सहादेव मुखवट्याची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं निघाला.

"पेटीत काय?" कंडक्टरनं विचारलं.

"म्हैसासुर."

"झाकण नीट लावा," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला.

वर्कशॉपला सुट्टी होती. इम्रान स्वतः थांबले होते. पन्नाशीचा, शांत, आणि मोजता येणार नाही असं जगात काही नसतं या मताचा माणूस. त्यांनी पेटीला हात लावण्याआधी विचारलं, "काका, काही पाळायचं असेल तर आधी सांगा."

"येकच," सहादेव म्हणाला. "पेटीतून काडला की मोकळा ठेवायचा न्हाई. आत कोन तरी पायजे. मोकळ्या तोंडात काय बी शिरतं."

"म्हणजे तुम्ही घालून बसणार?"

"मंग? तुमी बसता?"

इम्राननी नकार दिला. सहादेव मुखवटा चढवून फिरत्या टेबलावर मांडी घालून बसला. त्या टेबलावर एरवी लोखंडी ओतकामाचे भाग ठेवत. "डोक्यावर नऊ किलो आहे, पाच मिनिटांत उरका," असं पंकजा दोनदा म्हणाली. दिवे मालवले. निळे पट्टे म्हैसासुराच्या तोंडावरून सरकले. टेबल थोडं थोडं फिरत होतं आणि सहादेव त्याच्याबरोबर, भिंतीकडे, कपाटाकडे, दाराकडे. दाराशी आलेला वॉचमन म्हैसासुराचं तोंड आपल्याकडे वळताना पाहून गेटवर निघून गेला.

पडद्यावर मुखवटा आलाच नाही. अंधारात नुसते पांढरे डोळे आणि पांढरे दात तरंगत होते. तेही सहा डोळे, आणि दातांच्या तीन रांगा.

सहादेवानं मुखवट्यातून वाकून बघितलं आणि हात जोडले. "दत्त!"

"दत्त नाही आबा," पंकजा म्हणाली. "तुम्ही हललात. आणि काळा चकचकीत रंग उजेड खातो, त्यामुळे बाकीचं तोंड दिसलंच नाही."

"मी कुटं हाललो? त्यो हालतोय. तोंडावर चडला की त्येला संबळ ऐकू येतो."

इम्राननी दोन्ही अडचणी कागदावर लिहिल्या. एक, मुखवटा स्थिर हवा. दोन, त्यावर पांढरा फवारा मारायला हवा, जो तीन-चार तासांत आपोआप उडून जातो. आणि माणूस आत असताना फवारा मारणार नाही, हे त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं.

"पांडरा?" सहादेव म्हणाला. "पांडरा केला तर त्यो म्हैसासुर कसला, गाय झाली."

"संध्याकाळपर्यंत परत काळा होईल."

"बरं. पन आत कोन?"

पंकजा पंधरा मिनिटं बाहेर गेली आणि नारळ घेऊन आली. लग्नात, पूजेत, जो माणूस हजर नसेल त्याच्या जागी सुपारी चालते, नारळ चालतो, मग इथं का नाही, असा तिचा मुद्दा होता. सहादेवाला तो पटला. पण एवढा मोठा निर्णय एकट्यानं घ्यायला तो तयार नव्हता. त्यानं गावात गोरक्षनाथला फोन लावला. गोरक्षनाथ सहासष्ट वर्षांचा, गेली तीस वर्षं सोंगातली देवी. दर वर्षी सहादेवाला तोच मारायचा.

"गोरक्षा, तोंडात नारळ ठिवला तर चालंल का?"

"कुनाच्या?"

"म्हैसासुराच्या. मी भायेर, नारळ आत."

गोरक्षनाथनं आधी अंगणातल्या कोंबड्याला हाकललं. मग गोरक्षनाथ म्हणाला, "नारळाला डोळं हायेत, शेंडी हाय. तुज्यापरीस बराच दिसंल. ठेव."

नारळ हलला नाही. त्याला संबळही ऐकू आला नाही. दुपारी दोनपर्यंत पडद्यावर अख्खा म्हैसासुर उभा राहिला, राखाडी, शिंगांसकट. पंकजानं तो माऊसनं गोल फिरवून दाखवला. सहादेव खुर्ची पुढे ओढून बघत बसला. डाव्या कानामागचा खिळा, तो आजोबांनी मारलेला. हनुवटीवरची चीर. भुवईवर मशालीचं तेल सांडून झालेला फोड.

"ह्ये समदं घेतलं त्येनं?"

"समदं."

"आन त्येचा राग?"

पंकजानं पडद्यावर भुवई मोठी करून दाखवली. इम्रान म्हणाले, "राग आकारातच असतो काका. भुवई घेतली की आला."

वर्कशॉपच्या दुसऱ्या खोलीत पातळ प्लास्टिकचे थर एकावर एक चढवून वस्तू तयार करणारं मशीन होतं. त्यानं म्हैसासुर आठ तुकड्यांत, सहा दिवसांत छापला. इम्राननी तुकडे जोडले, आतून हेल्मेटचा पट्टा बसवला. पंकजानं तो गावी आणला आणि सहादेवानं जुन्याच डब्यातला काळा रंग दिला. वजन एक किलो दीडशे ग्रॅम. संगमनेरच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते चालेल म्हणाले. कशाबद्दल विचारताय, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही.

बोहाड्याच्या चार दिवस आधी पंचांपुढे दोन्ही मुखवटे मांडले, दोन्हींत नारळ ठेवून. पंचांतले मच्छिंद्र हे कागद वाचूनच सही करणारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही मुखवट्यांवर बोटानं वाजवून पाहिलं.

"ह्यो बादलीवानी वाजतोय."

"वाजवायचा न्हाई त्यो, घालायचा हाय," सहादेव म्हणाला.

मच्छिंद्रांनी नव्याच्या कानामागे नख घातलं. "खिळा बी हाय का?"

"खिळा नाही काका, खिळ्याचा आकार आहे," पंकजा म्हणाली.

तरी त्यांनी तो ओढून पाहिला. आला नाही, तेव्हा त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. पंच पाऊण तास बोलले. शेवटी मच्छिंद्रांनी सांगितलं, "जुना देवळात ऱ्हाईल, पूजा त्येची. नाचायला नवा चालंल. नेमात वजनाचं काय ल्हिलेलं न्हाई. पन सहादू, सोंग पुरं झालं पायजे. मरायला पायजे नीट. न्हाई तर हक्क गेला, मंग त्यो लाकडाचा असो का बादलीचा."

"मी कवा नीट मेलो न्हाई?" सहादेव म्हणाला. आणि हे खरं होतं.

बोहाड्याच्या सकाळी साडेसहाला संबळ लागला. वेशीत म्हैसासुर आला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. असा म्हैसासुर कोणी पाहिला नव्हता. तो उड्या मारत होता. गिरक्या घेत होता. शिंगं रोखून बायकांच्या घोळक्यावर धावून जात होता आणि मागे वळून पुन्हा धावत होता. त्रेसष्टाव्या वर्षी सहादेवाच्या डोक्यावरून आठ किलो उतरले होते आणि ते त्याच्या पायांना कळलं होतं.

समोर गोरक्षनाथ. देवीचा मुखवटा जुनाच, सागाचा, मागे पितळी प्रभावळ, सगळं मिळून आठ किलो. अंगावर नऊवारी, हातात तलवार.

तिसऱ्या फेरीला देवी थोडी मागे पडली. पाचव्या फेरीला, जिथं म्हैसासुराचे गुडघे वाकायचे, तिथं देवीचे वाकले. सातव्या फेरीला दोघं देवळाच्या पायरीपाशी आले. पिपाणीवाल्यानं मरणाचा सूर धरला. सगळं गाव पायरीकडे सरकलं.

म्हैसासुर उभाच.

त्याचं काय होत होतं हे फक्त सहादेवाला कळत होतं. एकेचाळीस वर्षांत तो एकदाही मुद्दाम पडला नव्हता. सातव्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी यायची, मान जायची, पाय जायचे आणि जमीन वर यायची. तो वाट बघत होता. काहीच जात नव्हतं.

"पड की," मुखवट्याआडून गोरक्षनाथ म्हणाला.

"येत न्हाई."

"काय येत न्हाई?"

"पडायला."

"आर, झोप घेतल्यावानी आडवा हो!"

सहादेवानं प्रयत्न केला. पण पंकजानं रात्रीच बजावलं होतं, आबा, आपटू नका, शिंगाला तडा जाईल. त्यानं एक हात जमिनीला टेकला, दुसऱ्या हातानं शिंगं सांभाळली, आधी बसला आणि मग कुशीवर झाला. बनुबाई रोज दुपारी ओट्यावर जशी लवंडते, तसं ते दिसलं. पोरं फिदीफिदी हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "उशी द्या रं त्येला!"

मच्छिंद्र पुढे झाले. "ह्ये मरनं न्हाई. ह्ये बसनं झालं."

"आवो, मेलोय मी," म्हैसासुर म्हणाला.

"मेल्याला बोलता येत न्हाई. ऊठ. आटवी फेरी."

पंचांचा शब्द. म्हैसासुर उठला. आठवी फेरी झाली, नववी झाली. उन्हं पायरीवर आली. देवी आता तलवारीची काठी करून चालत होती. संबळवाल्याचा एक हात थांबला होता, तो एकाच हातानं वाजवत होता. गर्दीत बायका एकमेकींत बोलायला लागल्या की यंदा काही खरं नाही, देवीच बसणार. मच्छिंद्रांनी शेजारच्या पंचाला काहीतरी सांगितलं आणि तो देवळात, जुना मुखवटा होता तिकडे गेला. पंकजाला ते दिसलं. तिनं आईचा हात धरला.

"आई, मी भुवई मोजली, खिळा मोजला," ती म्हणाली. "आबांना वजनच पाडत होतं, हे लक्षातच आलं नाही."

"गप," बनुबाई म्हणाली. तिचं लक्ष देवीच्या पायांकडे होतं. "गोरक्षदादाचं पाय जात्यात बग."

दहाव्या फेरीला पायरीपाशी दोघं समोरासमोर आले.

"सहादू," देवी म्हणाली, "मला दिसंना झालंय."

"गोरक्षा, तू नको हां. तू पडलास तर गाव मला जित्ता सोडायचं न्हाई."

"सांगून पडतो व्हय कुनी?" देवी म्हणाली आणि तलवारीसकट पुढे कलली.

बाजूला झाला असता तर सहादेव उभा राहिला असता. पण समोर सहासष्ट वर्षांचा माणूस आठ किलो लाकूड घेऊन दगडी पायरीवर तोंडघशी जात होता. सहादेवानं दोन्ही हात पसरले आणि देवीला छातीवर घेतलं. गोरक्षनाथ, साग, पितळ आणि नऊवारी, सगळं मिळून पंच्याऐंशी किलोच्या आसपास असावं. सहादेवाचे पाय गेले. जमीन वर आली. म्हैसासुर उताणा पडला, देवी त्याच्यावर. डावं शिंग मुळापासून मोडून थेट मच्छिंद्रांच्या पायापाशी घरंगळत आलं.

मग जो आवाज उठला तो भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत गेला, असं उंबरदऱ्याचे लोक सांगतात. अंतर सतरा किलोमीटर आहे. शिंग तोडून म्हैसासुर मारणारी देवी आजवर कोणाच्या आजोबांनीही पाहिली नव्हती. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बायकांनी तिथूनच कानशिलांवर बोटं मोडली.

मच्छिंद्रांनी शिंग उचललं, आत बघितलं, पोकळ आहे याची खात्री केली आणि हात वर केला. "सोंग पुरं झालं. हक्क जागच्या जागी."

रिवाज असा की यानंतर देवीनं उठून म्हैसासुराच्या छातीवर पाय ठेवायचा. देवी उठेना. पंकजा धावत गेली आणि गुडघ्यावर बसून तिनं मोडक्या मुखवट्यापाशी तोंड नेलं.

"आबा, मान कशी आहे? हाताला मुंग्या?"

"मान बरी हाय. मुंग्या न्हाईत. बोलू नको माज्याशी, मी मेलोय."

वरून गोरक्षनाथचा श्वास ऐकू येत होता. "सहादू, खरंच मेलास न्हवं?"

"मेलो. ऊठ आता."

"थांब वाईच. दम खाऊ दे."

"आर, लोकं चहाला थांबलीत."

"थांबू दे. तीस वर्षं मी तुला उभ्यानं मारतोय. आज बसून मारतो."

दर वर्षी म्हैसासुर साधारण अर्धा मिनिट मेलेला असायचा. त्या सकाळी तो चार मिनिटं वीस सेकंद मेलेला राहिला. ही वेळ पंकजानं मोबाईलवर मोजली. तेवढा वेळ सहादेव हातपाय पसरून, डोळे मिटून, गोरक्षनाथला पोटावर घेऊन निपचित पडून होता. कोणाला पुन्हा शंका यायला नको म्हणून मोडक्या शिंगाच्या भोकातून एक माशी आत शिरून नाकावर बसली, तरी त्यानं ती हाकलली नाही.